सोवळ्याचा पंप

पाणी पाइपातून कसं वाहतं हे प्रद्युम्ननं एकोणीस वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि तेवढीच वर्षं घरचा गळका नळ दुरुस्त करायला हरिप्रिया बाहेरचा माणूस बोलवत आली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तंजावूरबाहेर तिरुच्चीच्या रस्त्यावर त्याचं ते खासगी इंजिनियरिंग कॉलेज होतं. आधी मुलं कमी झाली, मग वर्ग ओस पडले, आणि एका जून महिन्यात फाटकालाच कुलूप लागलं. प्रद्युम्नचं वय तेव्हा सेहेचाळीस. इतर कॉलेजं होत्या त्यांच्याच हातात नारळ देत होती, याला कोण घेणार?

आता अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? क्लास काढतो, नाहीतर प्लॉटची दलाली करतो. हा बाबा तीन महिन्यांच्या प्लंबिंगच्या कोर्सला नाव घालून आला, आणि वर जेवताना सांगतो कसा, "हरी, मला यात गोडी वाटतेय." हरिप्रियाच्या हातातला डाव हातातच राहिला. ती विमा कंपनीच्या ऑफिसात होती, पगार तिचा चालू होता, उपाशी मरायची पाळी आली नव्हती. पण चार लोकांत सांगायचं काय? ऑफिसात कुणी विचारलं की ती म्हणायची, "स्वतःचं काहीतरी चाललंय त्यांचं." असं म्हणून तिनं चांगलं वर्षभर निभावलं.

कोर्सनंतर तो आरोक्यसामी मेस्त्रींच्या हाताखाली राबला. मेस्त्री साठीचे, शाळा पाचवीपर्यंत, आणि हा एम.टेक. झालेला त्यांची पिशवी उचलून मागे मागे. पहिल्याच दिवशी यानं नळाच्या आट्यांवर टेप उलटी गुंडाळली. नळ बसवायला घेतला तशी टेप सगळी सुटून बाहेर आली. मेस्त्री म्हणाले, "सार, तुमचं पुस्तक पाण्यानं वाचलेलं नाही. आटे फिरतात त्या अंगानं टेप गुंडाळायची." हे घरी येऊन त्यानंच सांगितलं, पोट धरून हसत. हरिप्रिया हसली नाही. पण स्वतःची फजिती इतक्या मोकळेपणानं सांगणारा दुसरा पुरुष आपल्या आणि त्याच्या दोन्ही घराण्यांत झाला नाही, हे तिला त्या दिवशी कबूल करावं लागलं.

मेस्त्रींनी त्याला एक नियम घालून दिला होता. घरातून जो भाग काढशील तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. तुटका असो, कुजका असो, घाणेरडा असो, आधी त्याच्या हातात, मग कचऱ्यात. गिऱ्हाइकाला भिंतीच्या आतलं दिसत नाही, त्यानं तुझ्यावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

दोन वर्षांत त्याचं बस्तान बसलं. नव्या कॉलन्यांतल्या तमिळ घरांतून फोन यायचे. भिंतीला कान लावून गळती कुठे आहे ते सांगायचा, काम झालं की फरशी स्वतः पुसायचा, आणि काय बिघडलं होतं ते असं समजावून सांगायचा की घरातली आजीबाईसुद्धा पुढच्या वेळी मुख्य कॉक स्वतः बंद करील. हरिप्रियाचा राग कधी ओसरला ते तिलाही कळलं नाही. एके दिवशी ऑफिसात कुणी विचारलं आणि ती म्हणाली, "प्लंबर आहेत. चांगले आहेत." बोलून गेल्यावर तिला हलकं वाटलं.

पण एक गोष्ट तिला सलत होती. राजवाड्यामागच्या गल्लीत आपल्या मराठी लोकांची घरं, तिथून एकही बोलावणं येईना. मुंजीचं यायचं, हळदीकुंकवाचं यायचं, नळाचं नाही. जावयाला मोरीत बसवायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. आणि मनात वेगळंच, की आपल्यातला शिकलेला माणूस मोरीत बसला ही आपलीच नाचक्की. ती त्याच गल्लीत वाढलेली. आपल्या नवऱ्याची बाहेर वाहवा होते आणि आपल्याच माणसांनी त्याच्याकडे पाठ फिरवावी, हे तिला फार लागलं होतं.

ते पहिलं बोलावणं आलं वरुणमामांकडून.

वरुणराव हे हरिप्रियाच्या आईचे सख्खे भाऊ. वय एक्याऐंशी, तालुका कचेरीतून निवृत्त, आणि सोवळ्यात अख्ख्या गल्लीचे आजोबा शोभतील असे. त्यांच्या परसात एक विहीर होती. बेचाळीस वर्षांपूर्वी, त्यांचं उशिराचं लग्न नुकतंच झालेलं असताना, तिच्यावर सिमेंटचा स्लॅब घालून हातपंप बसवला. प्यायला, अंघोळीला नगरपालिकेचं पाणी. पण देवाला आणि श्राद्धाला या पंपाचंच. नळाच्या पाण्याच्या वाटेत कुठे काय असेल सांगता येत नाही, या पंपात मात्र चामड्याचा स्पर्श नाही, याचा मामांना मोठा अभिमान. पंप घेतला तेव्हाच त्यांनी दुकानदाराला बजावलं होतं, वॉशर रबराचा पाहिजे, चामडं चालणार नाही.

कमलाक्षीमामी गेल्या वर्षी मासी या तमिळ महिन्यात, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास गेल्या. आता त्यांचं वर्षश्राद्ध आलं आणि आठ दिवस आधी पंपानं दम सोडला. दांडा हापसावा तर नुसता फुसफुस आवाज. गल्लीतल्या एकानं चिमटा काढलाच, नाव वरुण, खाली विहीर भरलेली, आणि म्हातारा कोरडा. मामांनी एक प्लंबर बोलावला. तो उंबऱ्यात उभ्या उभ्या म्हणाला, चामडी वॉशर टाकू, पाच मिनिटांत चालेल. त्याला मामांनी उंबऱ्यातूनच परत पाठवलं. दुसऱ्यानंही तेच म्हटलं, तोही गेला. मग मामांचा हरिप्रियाला फोन आला. "तुझ्या नवऱ्याला हे जमतं म्हणतात. तिच्या श्राद्धाला विहिरीचंच पाणी पाहिजे, पोरी. एवढं तरी माझ्या हातून नीट होऊ दे."

रविवारी सकाळी दोघं मोपेडवरून गेली. समोरच्या घरातल्या राजमअक्का ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. "कळलं मला," त्या म्हणाल्या. "आमची गच्चीवरची टाकी दोन महिने गळतेय. वरुणरावांचा पंप चालला तर बोलवीन म्हणते. शेजारची अंबाही तेच म्हणत होती." म्हणजे गल्लीनं परीक्षा मांडली होती, आणि पेपर काढणारे वरुणमामा.

मामा सोवळं नेसून परसात उभे होते. जावयाला ते तमिळ रीतीनं मापिळ्ळै म्हणत. "मापिळ्ळै, अंघोळ करून आलात ना?"

"आलोय, मामा. नंतरही करावी लागेल," प्रद्युम्न म्हणाला.

"चामडं घालायचं नाही."

"तुम्ही सांगाल तेच घालीन."

"आणि आत जे असेल ते काढून मला दाखवायचं. कुणी मला फसवलेलं नाही ना, हे मला बघायचंय."

"काढीन ते दाखवीन. माझा नेमच आहे तो."

मामा समाधानानं पूजेला गेले. त्यांची पूजा म्हणजे तासाची निश्चिंती. आतून घंटा आणि मंत्र ऐकू येऊ लागले, आणि प्रद्युम्ननं पोतं अंथरून त्यावर हत्यारं मांडली.

नवऱ्याला काम करताना हरिप्रियानं असं जवळून पाहिलं नव्हतं. बोल्ट गंजून गच्च बसलेले. दुसरा कुणी घाव घालत बसला असता. यानं प्रत्येकावर तेलाचे दोन थेंब सोडले आणि स्वस्थ बसला. मग पाना लावून आधी घट्ट करायच्या बाजूला किंचित वळवला आणि मग सोडवला. वळवताना त्याचे डोळे मिटलेले, जे कळायचं ते हाताला कळत होतं. कॉलेजात फळ्यापुढे उभा असलेला हा माणूस तिनं पाहिला होता, तेव्हा तो हुशार दिसायचा. आज तो तिला देखणा दिसला, सत्तेचाळिशी उलटून गेलेली असताना.

झाकण निघालं. त्यानं दांडा आणि सळई हलक्या हातानं वर ओढली. सळईच्या टोकाला वाटीच्या आकाराचा वॉशर होता, कडा झिजून फाटलेल्या. तो त्यानं तांब्यातल्या पाण्यात धुतला, नखानं दाबला, आणि थबकला.

"काय झालं?" हरिप्रियानं विचारलं.

त्यानं वॉशर तिच्या हातात दिला. फाटलेल्या कडेला बारीक तंतू सुटले होते. रबराला तंतू कुठले? तिनं नाकाशी नेला. एरंडेलाचा वास आला.

त्या वासासरशी तिला एक जुना फटका आठवला. ती आठ वर्षांची असताना कोठीच्या खोलीत फळीवरच्या एका पत्र्याच्या डब्याला हात लावला होता. मामींनी जन्मात तिच्यावर हात उगारला तो तेवढाच. डोक्याला लावायचं तेल नाही ते, हात लावायचा नाही, म्हणाल्या होत्या. हरिप्रिया उठली आणि तडक कोठीत गेली. डबा तिथेच होता, साबुदाण्याच्या बरणीमागे. झाकण काढलं तर एरंडेलात बुडवून ठेवलेल्या दोन कोऱ्या वाट्या आणि झडपेची एक गोल चकती. सगळं चामड्याचं.

परसात येऊन तिनं डबा पोत्यावर ठेवला. प्रद्युम्ननं आत वाकून पाहिलं. "मामींनी काम पक्कं केलंय," तो हळूच म्हणाला. "चामडं असं तेलात मुरवलं तरच टिकतं. मला हे मेस्त्रींनी शिकवलं. यांना कुणी शिकवलं असेल?"

आता दोघांना सगळं उलगडलं. दरवर्षी मासीच्या आदल्या तै महिन्यात, कापणीच्या सुमारास, मामा शेतीचा भात बघायला दोन दिवस पापनाशमला जात. मामी घरी एकट्या. तेवढ्या दोन दिवसांत पंप उघडायचा, नवी वाटी चढवायची, जुनी फेकायची. यंदाच्या तै महिन्यात मामी नव्हत्या, म्हणून पंप बसला. बेचाळीस वर्षं देवाच्या डोक्यावर जे पाणी पडलं ते चामड्यातून आलेलं.

"माझ्या पिशवीत नव्या जातीच्या रबराची वाटी आहे," प्रद्युम्न म्हणाला. "चामड्याचा संबंध नाही. ती घातली की पंप आजच चालेल."

"मग घाला आणि हे मला द्या. मी वाटेत कुठेतरी टाकते."

"मामा विचारतील, काय निघालं."

"रबर निघालं म्हणून सांगा."

तो वॉशर पुन्हा धुऊ लागला. हरिप्रियाचा आवाज चढला, तिनं तो दाबला. "अहो, एक्याऐंशी वर्षांचा माणूस आहे. बायको गेली, उरलं काय त्याच्याजवळ? हा एक पंप आणि हे सोवळं. चार दिवसांवर तिचं श्राद्ध, आणि तुम्ही त्यांना सांगणार की तुमच्या बायकोनं तुम्हाला जन्मभर बाटवलं? आणि ते चिडले तर ही गल्ली तुम्हाला कायमची बंद. राजमअक्का तिकडे कान टवकारून बसल्यात. मी आजवर तुमच्याजवळ काही मागितलं नाही. एवढं एक खोटं बोला."

प्रद्युम्ननं हात पुसले. "त्यांनी विचारलं नसतं तर मी तोंडात मूग धरून बसलो असतो, हरी. खरंच. पण त्यांनी आधी विचारलं आणि मी हो म्हटलं. आज तुझ्या मामांच्या घरी काढलेला भाग लपवला, तर उद्या परक्याच्या घरात मी कोणत्या तोंडानं शिरू?"

"मोठे हरिश्चंद्र लागून गेलात," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं डबा उचलला आणि पदराखाली घेतला. वॉशर दाखवायचा तर दाखवा, डबा मात्र मी दाखवू देणार नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं.

घंटा थांबली. मामा बाहेर आले, कपाळाला ओलं गंध. "काय निघालं?"

प्रद्युम्न उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तो फाटका वॉशर त्यांच्यापुढे धरला. "मामा, हे चामडं आहे."

मामांनी हात मागे घेतला. वॉशरकडे बघितलं, पंपाकडे बघितलं, आणि पायरीवर बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांना वाट सापडली होती.

"फसवलं तिला," ते म्हणाले. "मी नसताना कधी पंप बिघडला असेल, आणि रबर म्हणून कुणीतरी तिच्या गळ्यात चामडं मारलं असणार. ती बिचारी भोळी. तिला काय कळतंय यातलं? घराबाहेरचं जग तिनं कुठे बघितलं होतं."

झालं. सुटले सगळे. प्रद्युम्न खोटं बोलला नव्हता, मामींवर बालंट नव्हतं, मामांचं सोवळं दुकानदाराच्या माथी मारून मोकळं. हरिप्रियानं देवाचे आभार मानायला हवे होते. पण ते "भोळी बिचारी" तिच्या कानात गेलं आणि तिचं डोकं फिरलं. बेचाळीस वर्षं त्या बाईनं गंजलेले बोल्ट सोडवले, गावातल्या कीळवासलच्या बाजारातून असेल, कुठून असेल, चामडं शोधून आणलं, तेलात मुरवलं, आणि नवऱ्याच्या देवाला एक दिवस पाण्यावाचून ठेवलं नाही. आणि तिला म्हणे काही कळत नव्हतं. आपल्या नवऱ्याचं काम या गल्लीला दिसेना म्हणून आपण दोन वर्षं जळलो, आणि आता मामींचं काम आपण स्वतःच्या पदराखाली झाकून बसलोय.

तिनं डबा काढून मामांपुढे पायरीवर ठेवला. "मामींना कुणी फसवलं नाही, मामा. त्या फसणाऱ्या नव्हत्या. हे त्यांचं आहे."

मामांनी झाकण उघडलं. तेलात त्या दोन वाट्या दिसल्या, नीट एकात एक बसवून ठेवलेल्या. झाकणाच्या आत मामींनी खिळ्यानं उभ्या रेघा ओढल्या होत्या, वर्षाला एक. मामा त्या मोजू लागले आणि मध्येच थांबले.

"पहिल्या वर्षी पंप तीनदा बिघडला," ते म्हणाले. "रबर टिकेना. मी हट्टाला पेटलेला. ती वीस वर्षांची. गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरून सोवळ्यानं घागरी आणायची, पहाटे. खांद्यावर वळ उठले होते. मग मी पापनाशमहून परत आलो तर पंप सुरू. मी तिला म्हटलं, बघ, मी रोज वरुणाची सूक्तं म्हणतोय त्याचं हे फळ." "ती म्हणाली, हो, तुमचं पुण्य."

हरिप्रियाला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मापिळ्ळै," मामा म्हणाले, "तुमच्याजवळ चामड्याविना चालणारं आहे?"

"आहे. या जातीचं रबर चांगलं टिकतं. पण तुमचा पंप आतून घासलाय. चामडं त्याच्या अंगाला धरून बसतं, रबर थोडं कमी बसेल. दोन्हींनी पाणी येईल. तुम्ही ठरवा."

मामांनी डब्यात बोटं घातली. सोवळ्यातल्या त्या माणसानं स्वतःच्या हातानं ती चामड्याची वाटी तेलातून बाहेर काढली. "बेचाळीस वर्षं देवानं या पाण्यानं अंघोळ केली. मला कळलं नाही, त्याला कळलं नसेल असं नाही. त्यानं तिला सांभाळून घेतलं. मग नाही म्हणणारा मी कोण? तिच्या श्राद्धाला दुसरं पाणी कशाला? हीच घाला."

प्रद्युम्ननं वाटी चढवली, झडपेची चकतीही बदलली, बोल्ट आवळले. वरून तांब्याभर पाणी ओतून त्यानं दांडा मामांच्या हातात दिला. मामांनी पाच-सहा वेळा हापसलं. आधी खाकरल्यासारखा आवाज झाला, आणि मग मनगटाएवढी धार पडली. मामा हापसतच राहिले. परसभर पाणी झालं तरी थांबेनात, तेव्हा हरिप्रियानं त्यांचा हात धरला.

आवाज ऐकून राजमअक्का दारात येऊन उभ्या राहिल्याच. "चालला की. कुठलं रबर घातलं, वरुणराव?"

हरिप्रियानं मामांकडे पाहिलं.

"रबर नाही, चामडं," मामा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "पहिलं वर्ष सोडलं तर चामडंच आहे. कमलाक्षी घालत होती, मला ठाऊक नव्हतं. तुझी टाकी गळते ना? यांना बोलव. हे जे काढतात ते दाखवतात. बघायची तयारी असली तर बोलव."

राजमअक्का आ वासून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि प्रद्युम्नला विचारलं, उद्या सकाळी जमेल का. त्यानं फरशी पुसता पुसता हो म्हटलं.

निघताना मामा दारापर्यंत आले. फाटका जुना वॉशर त्यांच्या हातात होता, नेमाप्रमाणे प्रद्युम्ननं दिलेला. "हा नवा किती दिवस चालेल?"

"वर्षभर. येत्या तै महिन्यात बदलावा लागेल," प्रद्युम्न म्हणाला. "तुम्ही पापनाशमला जाता ना तेव्हा? तुम्हाला त्रास नको. हरी आणि मी येऊन बदलून जाऊ."

मामांनी मान हलवली. "मी नसताना येऊ नका. मी घरी असताना या."